लाल खुणेचा बेल्ट

१ सप्टेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. मानपाड्याच्या पुढे, हमरस्त्यापासून थोडं आत, तीन टॉवरचं काम चालू आहे आणि तिथे मी सुरक्षा अधिकारी. चिपळूणहून आणलेलं सामान काल ठाकुर्लीच्या खोलीत लावून झालं. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, हवेशीर आहे, भिंतींना नवा रंग आहे. आज साइटवर पोचले तेव्हा वॉचमनने मला फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक समजून सेल्स ऑफिसात पाठवलं. तिथे एसी होता. थंड पाणी पिऊन झाल्यावर मी खरं काय ते सांगितलं.

प्रोजेक्ट मॅनेजर प्रफुल्ल सर. चहा पाजून म्हणाले, मॅडम, आपलं काम सोपं आहे, कोणी पडायचं नाही आणि काम थांबायचं नाही. दोन्हींतलं एकच जमत असेल तर कुठलं, असं मी विचारलं. त्यांनी बिस्किटं पुढे केली.

बी टॉवरच्या चौदाव्या स्लॅबचं काम चालू आहे. कडेचे कठडे मधेमधे काढलेले. लिफ्टच्या खड्ड्यावर प्लायवूड नुसतं टाकलंय, ठोकलेलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या जाळीत बाटल्या, फाटक्या गोण्या आणि एक चप्पल. कागदावर ज्याला हार्नेस म्हणतात त्याला इथे सगळे बेल्ट म्हणतात. ते स्टोअरमध्ये प्लास्टिकसकट पडून आहेत. का वाटले नाहीत, विचारलं तर स्टोअरकीपर दगडू म्हणाला, वापरले की खराब होतात.

करण्यासारखं भरपूर आहे. मला जागा आवडली.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी काम सुरू होण्याआधी सगळ्यांना गोळा करून बेल्ट दाखवला. पाठीवरून येणाऱ्या दोरीला एक शिवलेली पुडी असते. माणूस पडला की ती शिवण टराटरा उसवते आणि झटका तिच्यात जातो. समजायला सोपं जावं म्हणून मी म्हटलं, तुमचं पडणं बेल्ट स्वतःत घेतो.

कोणी मनावर घेतलं नाही. परांची बांधणारा रघु, परभणीकडचा, या टोळीचा तोंडाळ माणूस. तो म्हणाला, हे बांधलं की माणूस दावणीच्या म्हशीवाणी दिसतो. मागून कोणीतरी खुंटा कुठाय म्हणून विचारलं. मग आवाज आला, एवढा भरवसा असंल तर मॅडमनीच लटकून दाखवावं की. सगळे हसले. विटा वाहणारी मंजुळा, रघुची बायको, तेवढी हसली नाही. ती माझ्या हातातल्या बेल्टकडे बघत होती.

मी हसण्यावर रागावत नाही. पण विसरतही नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

लटकून दाखवलं.

नवव्या स्लॅबवरून. आधार मी स्वतः तपासला, जाळी नव्याने बांधून घेतली. कडेला पाठ करून उभी राहिले आणि पाऊल मागे टाकलं. पोटात एक गोळा वर आला, पुडी उसवल्याचा आवाज आला, आणि मी हवेत लोंबकळत होते. वरून सगळे वाकून बघत होते. मग टाळ्या. रघुने मला ओढून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, आता म्हशीचं नाव नाही काढणार. मंजुळेने माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, आमचे खाली जिन्यानंच येतील ना रोज? येतील, मी म्हटलं. शब्द दिला.

दुपारपर्यंत बेल्टसाठी स्टोअरसमोर रांग.

नियम असा की ज्या बेल्टने एकदा माणूस झेलला तो पुन्हा वापरायचा नाही. त्याला लाल चिठ्ठी बांधायची आणि तो कापून टाकायचा, म्हणजे चुकूनही कोणी उचलणार नाही. माझ्या बेल्टच्या चिठ्ठीवर नाव आणि तारीख घालून तो बेल्ट कापायला दगडूला दिला. कोरा बेल्ट कापायचा म्हटल्यावर त्याचा जीव खालीवर झाला.

घरी जिना उतरताना शेवटची पायरी जरा उशिरा पायाखाली आली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

हे पायरीचं रोज होतंय. आता सपाट रस्त्यावरही. पाय टेकतो, पण जमीन त्याच्यानंतर येते. अंतर अगदी थोडं आहे. डॉक्टरांना दाखवलं. रक्त व्यवस्थित, कान व्यवस्थित. त्यांनी जेवण वेळेवर घ्या म्हणून सांगितलं.

काल वीज गेली होती. पंखा बंद, खिडकी बंद. आरशात बघताना अंबाड्यातून सुटलेले केस वर उभे होते, खालून वारा लागल्यासारखे. तेल लावून बसवले.

साइटवर मात्र सगळे बेल्ट घालतात. लिफ्टच्या खड्ड्यावर पक्कं झाकण बसलं. कामाला वेळ लागतो म्हणून प्रफुल्ल सर कुरकुरतात. कुरकुरू देत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज रघु पडला. चौदाव्यावर परांचीची फळी सरकली. दोरीने त्याला अर्ध्यात धरलं. वर ओढून घेतल्यावर तो आधी शिव्या देत होता, मग रडला, मग तंबाखू मागितली. मंजुळा डोक्यावरचं घमेलं तसंच टाकून सगळे जिने धावत वर आली. मला मिठी मारली. मला सवय नाही, पण उभी राहिले.

इतक्या वर्षांच्या शिक्षणाचं एका दिवसात चीज झालं.

त्याचा बेल्ट लाल चिठ्ठी बांधून माझ्या कपाटात ठेवला. दगडूचा भरवसा नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

रघु केबिनमध्ये आला. टोपी हातात. म्हणाला, मॅडम, भुई उशिरा येतीय. रात्री खाटेच्या दोन्ही कडा धरून झोपतो. कानात वारा वाजतो, थांबतच नाही.

मी त्याला धक्क्याचा परिणाम म्हणून सांगितलं. असं होतं, जातं. वरचं काम बंद करून त्याला खाली सळया बांधायला बसवलं. माझंही तसंच होतं हे सांगितलं नाही. स्वतःचं काही सांगायची मला सवय नाही.

तो गेल्यावर बराच वेळ टेबल धरून बसले होते.

२९ सप्टेंबर, सोमवार

मंजुळा आली. परवा खंडेनवमी, हत्यारांची पूजा. थापी, ओळंबा, घमेली, सगळं मांडणार. तिला रघुचा बेल्ट हवा होता, हळदकुंकू वाहून घरातच ठेवायचा होता. मी नाही म्हटलं. कोणी पुन्हा घातला तर? ती म्हणाली, मग तुमच्याकडंच ठेवा, पण कापू नका. आमचे अजून त्याच्यात लटकून हायेत.

मी समजावलं. मग नियम म्हणजे नियम म्हणून विषय संपवला. दारात थांबून तिने विचारलं, तुमचा कापला का? दगडूने कापलाच असेल, मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या पायांकडे.

३० सप्टेंबर, मंगळवार

तपासणीचे लोक येणार होते म्हणून कपाट आवरलं. रघुचा बेल्ट काढला. टेबलावर धरून कटरने खांद्याचा पट्टा कापला.

बाहेर आवाज झाला. वरून काही जड खाली आदळावं तसा. मग किंकाळ्या.

रघु सळयांच्या ढिगाजवळ होता. जमिनीवर. सकाळपासून तिथेच मांडी घालून बसला होता. शेजारचे दोघं सांगत होते की वरून काही आलं नाही, कोणी आलं नाही, बसल्या जागी—

मी बघितलं. लिहिणार नाही. त्याच्या हातात बांधायची तार होती, अर्धा पीळ दिलेली.

कटर माझ्या हातातच होता. कोणी काढून घेतला आठवत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले, दहाबारा मजल्यांवरून तरी पडला असेल.

मला ठाण्याला हेड ऑफिसात बोलावलं. टेंभी नाक्यावर नवरात्राची गर्दी, गाडी लांब सोडून चालत गेले. प्रत्येक पावलाला जमीन शोधत. रिपोर्ट तयार होता. रघु दारूच्या नशेत, परवानगी नसताना, बेल्ट न लावता वर गेला. शेजारच्या दोघांना ठेकेदाराने काल संध्याकाळीच गावी पाठवून दिलंय. प्रफुल्ल सर म्हणाले, तुम्हीच सांगा मॅडम, दुसरं काय लिहायचं.

दुसरं काय झालं ते मला माहीत होतं. ते लिहिण्यासारखं नव्हतं. पण हेही खरं नव्हतं.

सही केली.

साइटवर परत आले तेव्हा हत्यारांवर झेंडूची फुलं होती. सळयांच्या ढिगाजवळून जाताना मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, बेल्टवाली आली, सांभाळा रे. या वेळी कोणी हसलं नाही. पाण्याच्या पिंपाशी गेले तर बायकांनी पिंपावर झाकण ठेवलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी कपाट उघडलं. रघुच्या बेल्टचे दोन तुकडे. मी कापला, आणि तो—

तेव्हा लक्षात आलं. माझाही आहे.

धावत स्टोअरला. सुट्टी असून दगडू होता. मी आत शिरताच शपथा घ्यायला लागला. मॅडम, खोटं बोलत नाही, नव्हता कापला, कोरी वस्तू, हात होईना, त्या खिळ्याला टांगून ठेवला होता. चांगलं केलंस, म्हटलं. त्याला वाटलं मी टोमणा मारते.

खिळा रिकामा.

काल मंजुळा आली होती, म्हणाला. नवऱ्याच्या बेल्टचे तर तुकडे झाले, स्टोअरमधला एक द्या पुजायला. त्याने नवा दिला. तिने नको म्हटलं. लाल चिठ्ठीचा मागितला. तिला वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठीवर काय लिहिलंय ते त्याच्याकडून वाचून घेतलं. दोनदा.

दुपार

पत्र्याच्या खोल्यांपर्यंत आले. भिंतीला धरून. सगळी दारं लावलेली, माणसं आत आहेत, फटींतून बघतायत. मंजुळा उंबऱ्यावर. बेल्ट मांडीवर, त्याच्यावर झेंडू. हातात अर्धं ब्लेड. खांद्याची शिवण उसवतेय. एकेक टाका.

प्रत्येक टाक्याला पोटात तो गोळा. नवव्या मजल्यावरचा. तेव्हा पडणं अर्ध्यातच राहिलं होतं.

समोर बसले. जमिनीवर. बसलेली असूनही धरायला काही हवं. वही धरलीय. लिहीत राहिले की हात स्थिर राहतो.

तिने विचारलं, आमचे कुठं होते तेव्हा? मी रिपोर्टमधलं वाक्य म्हटलं.

टाका.

कानात वारा. तिचं बोलणं लांबून येतंय. पुन्हा तेच विचारते. बेल्ट न लावता गेले का ते? तुमच्या शब्दावर रोज बांधत होते. जिन्यानं येतील म्हणालात—

टाका. टाका.

मी द्या म्हणाले. माझा आहे, द्या. ती म्हणाली, नियम हाय ना बाई. कापायचाच असतो ना.

मग सांगितलं. खाली होता. सकाळपासून खालीच बसला होता. वर गेला नव्हता, प्याला नव्हता. मला माहीत होतं. तरी सही केली.

ब्लेड थांबलं.

फटीतून कोणीतरी ऐकलं. एक दार उघडलं. पण ती म्हणाली, इथं नाही. गेटवर, सगळ्यांसमोर, साहेबासमोर सांग. सांगा असं नाही म्हणाली. सांग.

सांगते. आत्ता. पट्टा एका पदरावर आहे, दोराच म्हणायचा. तो आपोआप ताणला जातोय. तिचा हात लागलेला नाही. तिलाही दिसलं. ब्लेड टाकून दिलं तिने, दोन्ही हातांनी पट्टा आवळून धरलाय, ओरडतेय, पळ—

गेट समोर आहे. मधे सपाट जमीन. एक दगडसुद्धा नाही.

उठले. केस वर— वही हातात. उजवा पाय उचलला. टेकवला. जमीन अजून