दोन कुलपांची फोनपेटी

५ नोव्हेंबर १९८९, रविवार
वर्षानुवर्षं नंबर लावून घरी फोन आला, आणि लगेच अख्खी गल्ली आमच्या बैठकीत नांदायला लागली. शेजारचे मुंजाजी रोज जालन्याच्या मेव्हण्याला कापसाचा भाव विचारतात. मेव्हणा त्यांचा, फोन माझा. वैताग.
निर्णय: फोनला लाकडी पेटी, पेटीला दोन कुलपं. एक किल्ली माझ्या करदोड्याला, दुसरी प्रभावतीच्या पदराला. नवरा-बायको दोघं हजर असल्याशिवाय फोन नाही. बँकेचं लॉकर असंच उघडतं. सेलूत असली सिस्टिम कुणाच्या घरी नसेल.
प्रभावती म्हणाली, अन् आपण दोघं घरी नसलो अन् फोन आला तर? म्हणालो, तो विचार पुढच्या टप्प्यात. आमच्या अनसूयेनं लगेच मान डोलावली. समजूतदार पोरगी.

८ नोव्हेंबर
सुतार चंद्रभानने पेटी आणून फोनवर पालथी घातली. वायरीसाठी बूड लावलंच नाही म्हणे. लाकूडही वाचलं. हुशार माणूस. दोन्ही कुलपं अलिगडची.

११ नोव्हेंबर
किरकोळ अडचण. करदोडा आखूड, त्यामुळे किल्ली कुलपापर्यंत पोचत नाही. सदरा वर करून पेटीला पोट टेकवावं लागतं. त्याच वेळी प्रभावती दुसऱ्या बाजूने पदर घेऊन वाकते. आज डोकी आपटली. ती म्हणाली, तुमच्या फोनपरीस पोस्टकार्ड बरं. थकलेल्या बाईशी काय वाद घालायचा. मीही थकलोय, पण सुरक्षा म्हटलं की थोडा त्रास आलाच.

१५ नोव्हेंबर
लोकांचं मत घेतलं. धुरपताबाई (मुंजाजींच्या मंडळी) म्हणाल्या, काहीच तरास न्हाई भाऊ, लय सोयीची पेटी हाय. मुंजाजी म्हणाले, आता कसं सेफ वाटायलंय. अनसूया म्हणाली, अण्णा, पेटी खरंच छान आहे. ज्यांच्यासाठी बंदोबस्त केला तेच खूश! फक्त प्रभावती नाखूश. आणि खरं सांगायचं तर थोडासा मी.

२० नोव्हेंबर
बिल आलं. फुगलेलं. पेटी बंद, कुलपं शाबूत, म्हणजे खात्याचं मीटर बिघडलंय. कडक तक्रार करणार. उद्या. आज कामावर, जिनिंग मिलमध्ये, कापसाच्या गाड्यांची रांग होती, पाय भरून आलेत.

२४ नोव्हेंबर
गंगाखेडचे व्यंकटराव मुलाला घेऊन अनसूयेला पाहून गेले. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, नाकीडोळी नीटस. रविवारी दुपारी फोनवर कळवतो म्हणाले. जाताना व्यंकटराव हसून म्हणाले, मुलगी फोनवर फार गोड बोलते. आमच्या पोरीची कीर्ती कुठवर गेली बघा!
याआधी तिघांनी नाही म्हटलं. रंगावरून. राग येतो, आणि तिच्यासमोर मान वर होत नाही. या वेळी नाही म्हणाले तर मला सहन होणार नाही. फोन मी स्वतः घेणार. सकाळपासून पेटीजवळ बसणार.

२६ नोव्हेंबर, रविवार. दुपार
बहीण कमलबाई आजारी पडली, म्हणून प्रभावती पहिल्या एस.टी.ने पाथरीला गेली. पदरासकट. माझ्या हे जेवताना लक्षात आलं.
घंटा वाजली. माझ्याकडे निम्मी किल्ली. वाजत राहिली. मी सदरा वर करून उभा. बंद झाली. परत वाजली. कुऱ्हाड आणावी का? पण मग सिस्टिमला काय अर्थ? अनसूया दारातून म्हणाली, अण्णा, मी... तिला म्हटलं, तू यात पडू नकोस, मोठ्यांचं काम आहे. घंटा बंद. स्टँडवर निघालो.

संध्याकाळ
प्रभावती शेवटच्या गाडीतून उतरली. पदर मोकळा. बहिणीकडे लुगडं बदललं, किल्ली जुन्या लुगड्याला तिथंच राहिली. मी स्टँडच्या बाकावर खाली बसलो. पोरीचं नशीब मी स्वतःच्या हाताने कुलपात घातलं असं वाटलं. प्रभावतीसमोर रडलो. लिहायला लाज वाटते.
घरी आलो तर शिऱ्याचा वास. धुरपताबाईंनी माझ्या हातावर शिरा ठेवला. म्हणाल्या, जमलं की भाऊ लगीन! तिसऱ्यांदा घंटा झाली, अनसूयानं पेटी उचलली, मी बोलले व्यंकटरावांशी.
म्हणालो, पेटी उचलली म्हणजे?
म्हणाल्या, म्हंजे रोजच्यासारखी.
अनसूया लाजून आत गेली. गंगाखेडचा मुलगा दिवाळीपासून दुपारी फोन करतो म्हणे. प्रभावतीला ठाऊक होतं. मुंजाजींना ठाऊक होतं. बिलाचंही कळलं: मुंजाजींचा जालन्याचा कापूसभाव रोज चालूच होता.

२७ नोव्हेंबर
रागावायचं ठरवलं होतं. जमत नाही. पोरगी गुणगुणत कपडे वाळत घालतेय.
ठराव: पेटीला बूड बसवायचं. त्याआधी व्यंकटरावांना साखरपुड्याची तारीख कळवायची. दुसरी किल्ली पाथरीला. बैठकीत कुणी नव्हतं. दोनदा दाराकडे बघितलं आणि पेटी उचलली.
फारच हलकी आहे.