ऑरिन टिबेट्सचं कूचगीत

३ जून १९१८
लष्करभरती मंडळाचं पत्र. १५ जुलैला तपासणी. भीत नाही. जर्मनांशी लढायला एका पायावर तयार आहे, पण दोन्ही पाय सपाट, आणि सपाट तळव्यांना फौज घेत नाही. शिवाय देशाला माझी गरज इथेच, ओहायोत. देशभक्तीचं गाणं लिहिणार! मंडळाचे अध्यक्ष हॅस्केलसाहेब म्हणाले, चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या सभेत, तुझ्या गाण्याला गाव उठून उभं राहिलं, तर तुला गावातच ठेवू.
आई म्हणाली, आधी अंथरुणातून तू ऊठ.

६ जून
चार कडवी तयार. प्रत्येक शब्द कोशात तीनदा पाहिला. सहावीत शाळा सुटली, शुद्धलेखन नाही. चाल मात्र सुचत नाही.

११ जून
बँडमास्तर क्रम म्हणाले, अरे वेड्या, चाल कोण करतो? आपल्या वाडवडिलांनी इंग्रजांशी लढता लढता इंग्रजांच्याच चाली उचलल्या. आयती घे, वर शब्द चढव.

१२ जून, सकाळी ६
सापडली! शेजारचे म्हातारे ड्रेसेल पाव मळताना दार लावून शीळ घालतात, तीच. काय ठेका! ड्रेसेल कडवे देशभक्त. गावातला सर्वांत मोठा झेंडा त्यांच्या खिडकीत. ‘जर्मन बेकरी’ पाटीसुद्धा बदलून ‘लिबर्टी बेकरी’ केली. चाल कुठली ते विचारलं नाही. उगाच श्रेय मागायचे.

२६ जून
बँडमास्तर म्हणाले, चाल कुठंतरी ऐकल्यासारखी वाटते. थोर गाण्याचं हेच लक्षण! झोप नाही. जेवण जात नाही. भीती नव्हे, प्रतिभा.

४ जुलै
बँड सुरू झाला. कोणी हललं नाही. मग मागच्या बाकावर ड्रेसेल उठले. हात छातीवर, डोळ्यांत पाणी. पाठोपाठ आणखी सात म्हातारे. खड्या आवाजात गायले. जर्मनमध्ये. माझे शब्द नव्हतेच.
हॅस्केलसाहेबांनी विचारलं, हे काय? ड्रेसेल रडत म्हणाले, जर्मनीतल्या आमच्या जुन्या पलटणीचं कूचगीत, साहेब. अठराशे सत्तरच्या लढाईतलं. पोरानं कुठून शोधलं, देव जाणे!
मग उरलेलं गावही उठलं. आणि निघून गेलं.
उठलं तर खरं. अट पूर्ण.

५ जुलै
साहेबांना समजावलं, शत्रूची चाल घेणं ही आपली जुनी रीत. ते म्हणाले, तो शत्रू मेला शंभर वर्षांपूर्वी. हा अजून गोळ्या झाडतोय.

१५ जुलै
डॉक्टरांनी पाय पाहिले, बूट न काढता. म्हणाले, उत्तम.

२९ जुलै, स्टेशन
आई म्हणाली, पत्रं लिही, शुद्धलेखन राहू दे. ड्रेसेलनी गरम पाव दिला, मान खाली घालून. बँड दुसऱ्याच कुणाचं गाणं वाजवत होता. रांगेतल्या सगळ्यांची पावलं चुकत होती.
माझी एकदाही नाही. मनात ड्रेसेलची शीळ चालू होती.