दहा उंदीर जगले

जळगाव,
१२ डिसेंबर १९९८

प्रिय बेबावहिनी,

आत्ताच पुण्याहून आमच्या सुमनचा फोन आला. प्रयोगशाळेत तिने बारा उंदरांचं लिव्हर बिघडवून लगेच औषध दिलं. "आई, दहा जण सकाळी दाणे खात होते. औषध न दिलेले दुसरे उंदीर सगळे गेले," ती सांगत होती. लिव्हरला असा एकाएकी दणका बसला की पेशींना आतूनच मरायचा हुकूम सुटतो म्हणे. पोरीनं तो हुकूमच अडवला, वहिनी! माणसांच्या औषधाला अजून वर्षं लागतील, पण मी घरभर नाचले.

मग तुमचा मुलगा भाईदास आठवला. काविळीनं सहा दिवसांत गेला. त्या दुखण्यात, त्याला आवडते म्हणून, तुम्ही तर्रीवाली शेवभाजी केली होती. तेराव्याला मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तेलानंच घात केला, वहिनी." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून सगळ्यांनी ते खरं मानलं, तुम्हीसुद्धा. "मनाच हातनं व्हयनं," आपल्याच हातून झालं, असं अकरा वर्षं म्हणताय.

सुमनला परत फोन लावून विचारलं. ती म्हणाली, "शेवभाजीनं कुणाचं लिव्हर जात नाही, आई. असं कोण म्हणालं?" मी फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले.

लिहिता लिहिता कळलं, हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. चारचौघांत बोललेलं पाकिटातून मागे घेता येत नाही. उद्या सकाळच्या गाडीनं पाचोऱ्याला येते. आल्यावर दादाला आणि शेजारपाजारच्यांना मीच ओट्यावर बोलावीन.

तुमची नणंद,
इंदू