मिठाचा कणबी नाही

लालबाग, बुऱ्हाणपूर
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप लीलाधरमामांस योगिताचा नमस्कार.

जळगावला ललितदादाकडे सुखरूप पोचलात, असं मामींकडून कळलं. फोन उचलत नाही, म्हणून पत्र. इकडे केळीला भाव बरा आहे. राजपुऱ्यातलं तुमचं चूर्णाचं दुकान आठ दिवस बंद आहे.

महिन्यापूर्वी दहावीच्या वर्गात ॲसिडिटीची औषधं शिकवत होते. मॅग्नेशियमचं औषध पोट सैल करतं, ॲल्युमिनियमचं बांधतं, म्हणून बाटलीत दोन्ही घालतात. खाण्याचा सोडा सगळ्यांत झटपट. ढेकर आली की आराम. पण त्यातलं सोडियम कमजोर हृदयाच्या माणसाच्या अंगात पाणी साठवतं. बोलता बोलता मी थांबले. तुमच्या चूर्णानं आईला अशीच ढेकर यायची.

आईचं हृदय कमजोर, म्हणून डॉक्टरांनी तिचं मीठ तोडलं होतं. तुम्हाला विचारलं तेव्हा म्हणालात, "बेटा, शुद्ध जडीबुटी आहे, मिठाचा कणबी नाही. टेन्शन नको घेऊ."

घरी येऊन उरलेल्या चूर्णावर लिंबू पिळलं. फसफसून बशीबाहेर आलं. मग प्रयोगशाळेत दिलं. निम्म्याहून जास्त सोडा. अहवाल घेऊन दुकानात आले, तर गिऱ्हाइकांसमोर तुम्ही हसलात. "चमच्यानं कोण पाजत होतं? मी का तू?"

मी पाजत होते. दिवसातून चारदा. पाय सुजले, आडवं होता येईना. प्रतिभाताई डॉक्टरांनी विचारलं, "सोडा-बिडा देताय का?" मी ठामपणे नाही म्हटलं. चूर्णाचं नावसुद्धा काढलं नाही, मामाचं होतं ना. त्यानंतर नवव्या दिवशी आई गेली.

त्या हसण्यानंतर मी थेट तक्रार द्यायला गेले. तुमचा माल जप्त झाला. रविवारी राजघाटावर टेबल मांडून लोकांसमोर चूर्णावर लिंबू पिळलं. तुमचं तीस वर्षांचं गुपित छापून वाटलं: सोडा, ओवा, सुंठ. खाली ठळक अक्षरांत, हृदयाचा, बीपीचा त्रास असणाऱ्यांनी घेऊ नये. शेजारच्या गोदाबाईंनी एक कागद तुमच्या शटरवर चिकटवला. मला आनंद झाला, मामा. फार झाला.

मामी म्हणतात, रक्ताचं नातं आहे, तक्रार मागे घे. घेणार नाही. जबाबात पाजणारा हात माझा होता हेही सांगेन. तुम्ही काय सांगायचं ते ठरवून ठेवा.

मे महिन्यात माझं लग्न आहे. अंतरपाटाशी नवरीमागे मामा उभा राहतो. तुम्ही येऊ नका. मी प्रतिभाताईंना सगळं खरं सांगितलं आणि त्या जागी उभं राहाल का, विचारलं. त्यांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. मग हो म्हणाल्या.

आशीर्वाद पाठवू नका.

तुमची भाची नव्हे,
यमुनाची मुलगी
योगिता