जड पाण्यातले पिवळे मासे

सोनई,
आश्विन, घटस्थापनेनंतरचा मंगळवार

प्रिय सुकन्या,

वर 'चि. सौ.' लिहावं की नुसतं 'चि.', यातच पहिला कागद वाया गेला. तुला सौ. म्हणायचा हक्क आता दुसऱ्या घराचा, असं मनात आलं. शेवटी नावाआधी 'प्रिय' लावलं. ते खोटं नाही. शेजारच्या सविताकडून तुझा नवा नंबर घेतला होता, दोनदा फोन हातातही घेतला. पण माझं तुला ठाऊक आहे, माझ्या तोंडातून आधी शब्द निघतो आणि अक्कल मागून येते. कागदावर निदान खोडता तरी येतं.

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे तू सोडून गेलीस तसंच आहे. शेत छबूबाईच्या बन्सीला वाट्यानं दिलंय. यंदा त्यानं कांदा लावलाय. गुडघा धरतो, पण घरातल्या घरात चालते. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे छबूबाई, तीसुद्धा कुंपणापलीकडून. "झालं का जेवान?" एवढंच विचारते. चूल पेटवली नसली तरी मी "व्हय" म्हणते. मग ती तिच्या कामाला आणि मी माझ्या. कधीकधी संध्याकाळी लक्षात येतं की सकाळच्या त्या "व्हय"नंतर आपण तोंडच उघडलेलं नाही. मग मी उगाच माशांच्या खोलीत जाऊन काहीतरी बोलते. आवाज आहे की गेला ते बघायला.

हो, मासे अजून आहेत. तुला वाटलं असेल, म्हातारीनं ते कधीच काढून टाकले असतील. तसंच ठरवलं होतं. तू गेल्यावर आठ दिवसांत मी नगरच्या दुकानवाल्याला फोन केला, म्हटलं माझ्या कल्याणच्या नऊच्या नऊ टाक्या घेऊन जा. तो टेम्पो घेऊन आला, थर्माकोलची खोकी उतरवली, आणि तिसऱ्या टाकीपाशी वाकून थांबला. म्हणाला, "मावशी, ह्या मादीच्या तोंडात पिल्लं हायेत. आता हलवली तर भिऊन थुकून देईल, न्हाईतर गिळून टाकील. पंधरा दिवसांनी येतो." आणि रिकामी खोकी घेऊन गेला.

ते पंधरा दिवस मी त्या मादीपुढे बसून काढले. तुम्ही दोघं होतात तेव्हा मी कधी नीट बघितलंच नव्हतं. गळा फुगलेला, तोंड घट्ट मिटलेलं, सारखं आतल्या आत काहीतरी घोळवल्यासारखं. मी वर चिमूटभर खाणं टाकलं की बाकीचे पिवळे झडप घालायचे आणि ही दगडाआड मागे सरकायची. आधीचे धरून वीस-बावीस दिवस तोंडात अन्न नाही! मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारू लागले. आणि एका सकाळी बघते तर गळा खाली गेलेला, आणि दगडाच्या फटीत तिळाला डोळे यावेत तसं काहीतरी पळतंय. तिच्या अंगावर हाडं दिसत होती. दुकानवाल्याचा फोन आला, "येऊ का?" मी म्हटलं, "न्हाई, राहू दे."

मग शिकले. स्पंज पिळून धुवायचा, पण नळाखाली नाही, टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात. पिल्लांना पिवळं खाणं पावडर करून. पाणी एकदम सगळं बदलायचं नाही. हे सगळं मला तुझ्याकडूनच येत होतं गं, दारातून बघून बघून. फक्त मला येतं हे मला माहीत नव्हतं. पाण्याचं मात्र कल्याणनं सांगितलेलं. लग्न होऊन आल्यापासून मी या बोअरच्या पाण्याला शिव्या घालत आले. डाळ शिजत नाही, भांड्यांवर पांढरे थर, केसांची जट. एक दिवस पोरगं पिशवीत हे सिक्लिड मासे घेऊन आलं आणि म्हणालं, "आई, हे आफ्रिकेतल्या तळ्यातले हायेत. यांना असंच जड पानी लागतं. आपलं पानी पहिल्यांदाच कुनाला तरी आवडलं बघ." तेव्हा तुमच्या लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. तू इतकी हसलीस की चहाचा कप कलंडला.

आता ज्यासाठी पहिला कागद फाडला, दुसराही फाडला, ते लिहिते.

कार्तिकात कल्याण गेला तो दिवस. दिवस मावळताना घोडेगावच्या पुढे रस्त्यात उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला नगरहून आणलं, आणि ज्यांनी आणलं त्यांनी गाडीला बांधलेलं खोकंही आणलं. नवे मासे आणायला गेला होता ना तो. खोक्याला ओरखडासुद्धा नव्हता. सगळं उरकून माणसं परतली, बाया घरात आक्रोश करत होत्या, आणि तू त्यांच्यातून उठलीस. खोकं उघडलंस, पाण्यानं भरलेली पिशवी टाकीत तरंगत ठेवलीस, आणि तिथंच उभी राहिलीस, पाण्याशी पाणी जुळेपर्यंत. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि मी सगळ्यांदेखत ओरडले, "माझं लेकरू राखंत पडलंय अन् हिला मासं सुचत्यात. हिचं काय गेलं?"

तू पिशवी सोडलीस, मासे टाकीत गेले, तू हात पुसलेस आणि माझ्याशेजारी येऊन बसलीस. त्यानंतर चौदा महिने तू या घरात राहिलीस, माझं धुणं धुतलंस, माझ्या गुडघ्याला तेल लावलंस, नऊ टाक्या सांभाळल्यास, आणि त्या वाक्यावर एक शब्द काढला नाहीस. मीही काढला नाही. मला वाटायचं, ती विसरली. खरं म्हणजे मला तसं वाटायला हवं होतं.

तुझा भाऊ न्यायला आला त्या दिवशी तू उंबऱ्यात उभी राहून विचारलंस, "आत्याबाई, चार पिवळे नेऊ का बरोबर?" मी म्हटलं, "ते कल्याणचं हाय. कल्याणचं काही या घरातनं जाणार न्हाई." तू मान हलवलीस आणि कपड्यांची एक पिशवी उचलून गेलीस. मी आत येऊन खाटेवर बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय बोलले ते. कल्याणचं काही जाणार नाही म्हटलं, आणि तुला जाऊ दिलं. पुढे वैशाखात तुझ्या लग्नाचं बोलावणं आलं. पत्रिका देव्हाऱ्यात ठेवली. आले नाही. छबूबाईला सांगितलं, गुडघा धरलाय.

यंदाच्या वैशाखात वळवाचं वारं सुटलं, विजेचे खांब आडवे झाले. संध्याकाळी लाईट गेली. कल्याणची बॅटरी रात्रभर पुरली आणि सकाळी बंद पडली, तसे हवेचे पंपही बंद. थोड्या वेळात सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. तू असं झालं की तांब्यानं पाणी काढून उंचावरून परत ओतायचीस, त्यानं पाण्यात हवा मिसळते म्हणायचीस. मी तांब्या घेतला. एका टाकीत वीस वेळा, मग दुसरीत, नववी झाली की परत पहिली. छबूबाई आली. "लंकाबाय, येडी झाली का? आपल्याला प्यायला पानी न्हाई अन् तू माशांपुढं खेळती?" मी ओतत राहिले. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, पदर खोचला आणि दुसरा तांब्या घेतला. दिवस मावळायला लाईट येईपर्यंत आम्ही दोघी ओतत होतो. निम्मे मेले. निम्मे वाचले.

त्या दिवशी ओतता ओतता मी रडत होते सुकन्या, हमसून हमसून. किती दिवसांचं साचलेलं कोण जाणे. पण हात थांबत नव्हता. हात त्याचं काम करत होता आणि डोळे त्यांचं. आणि तेव्हा मला तू दिसलीस, त्या टाकीपाशी पाठमोरी उभी. मी तुझी पाठच बघितली होती. तोंड बघितलंच नव्हतं. बघितलं असतं तर ते वाक्य माझ्या तोंडून आलं नसतं. पोरी, माझं चुकलं. तुझं काय गेलं ते मला कळायला अडीच वर्षं आणि एक वादळ लागलं. माफ कर म्हणायलाही मला लाज वाटते, पण म्हणते.

परवा छबूबाईची सून सविता श्रीरामपूरला माहेरी जाऊन आली. दवाखान्याच्या रांगेत तू भेटलीस म्हणाली. सातवा लागलाय म्हणाली. पाव्हणे सोबत होते, तुझी पिशवी त्यांच्या खांद्याला होती आणि तुला बसायला जागा मिळेपर्यंत ते रांगेतल्या लोकांशी भांडत होते, हेही तिनं सांगितलं. ऐकून बरं वाटलं. मग तिनं तुला विचारलं म्हणे, बाळंतपणाला कुठं जाणार, आणि तू विषय बदललास. सविता भोळी आहे, तिला कळलं नाही. मला कळलं. तुझी आई माघात गेली. तेव्हाही मी स्टँडपर्यंत आले होते गं, आणि गाडी लागल्यावर परत फिरले, कुठल्या तोंडानं येऊ म्हणून. भाऊ चाकणला एका खोलीत राहतो. तुझ्या सासूबाईंचं एक अंग गेलंय, त्यांचंच सगळं तुला करावं लागतं.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि तुझ्या माहेरी ते करायला आता कुणी उरलं नाही. म्हणून हे पत्र. तू इथं ये. आठवा लागायच्या आत ये. हे तुझं सासर होतं, ते नातं संपलं, मला मान्य आहे. पण माझ्या मनानं तुला लेक म्हटलं तर त्याला कुणाचा कागद लागत नाही. अंगणवाडीत अठ्ठावीस वर्षं काढली, गावातल्या निम्म्या पोरांची वजनं माझ्या हातची आहेत, तुझं मला जड नाही. लोक बोलतील. गेलेली सून, दुसऱ्या घरचं लेकरू, लंकाबाईला लागलंय वेड, असं बोलतील. त्यांना उत्तर द्यायला मी आहे. तोंड तेवढं शाबूत आहे माझं. पत्र सविताच्या हाती देते. दसरा झाला की पहिल्या सोमवारी मी श्रीरामपूरला येईन, तुझ्या सासूबाईंना आणि पाव्हण्यांना रीतसर विचारीन. तुझ्या मनात नसेल तर सवितापाशी नुसतं 'नको' सांग, कारण सांगायची गरज नाही. मला ते कळेल आणि मी येणार नाही. पण मनात असेल, तर एवढंच कर. तू मला आत्याबाई म्हणायचीस. तुझ्या लेकराला मला काय म्हणायला शिकवायचं, ते तू ठरवून ठेव.

तुझीच,
लंकाबाई