गोगलगायीतली गाय

ता. ६ जाने., मंगळ.
सरनं वैशूचं पानच्या पान लाल करून पाठवलं. माह्या नातीनं आठ दिवस खपून लिवलं होतं, झाडावरचा कोआला आन् समुद्रातली गोगलगाय, दोघाईत फरक काय, सारखं काय. शाळा हिंदी, घर मराठी. गोगलगायीचा हिंदी शब्द, घोंघा, तिले आठवला नाई, घरचाच लिवला. सरनं खाली लिवलं, "गाय समुद्र में नहीं रहती." पांढुर्ण्याच्या प्रदर्शनीतून नाव कापलं. पोट्टी जेवली नाई.

७, बुध.
सारी वही वाचून घेतली. मी तिसरी शिकली, पण एवढं समजते. कोआलाचं चित्र पाह्यलं. दिवसभर झोपते, पाला खाते. म्हटलं, थेट सूनबाईच्या बापासारखा. सूनबाईनं आयकलं. वैशू हासली, कालपासून पयल्यांदा.
पोटाले पिशवी, त्यात लेकरू. आपण कापूस वेचताना ओटी बांधतो तशी. मंग देवघरातला शंख तिच्या हातात देला. हे गोगलगायीचं घर. एक पोटाशी लेकरू घेऊन फिरते, एक पाठीवर घर. गोगलगायीले लेकराईचं काई नाई, अंडे घालते आन् चालली.
वैशूनं हे दोन्ही लिवून घेतलं.

८, गुरु.
मोहगाववरून बसनं सौंसरले वैशूच्या शाळेत गेली. पिशवीत शंख. सर नवे, तिकडचे, जबलपूरकडचे. वैशूनं कोआलाले भालू, म्हणजे अस्वल, लिवलं थे चूकच, म्हणे. थे मी मानलं. मंग शंख टेबलावर ठेवला. इचारलं, वावरात कळपानं येऊन चना खाते, आम्ही रोही म्हणतो, त्याले तुमच्यात काय म्हणते?
"नीलगाय."
"दूध देते का?"
सरनं शंख उचलून पाह्यला. मंग म्हणे, नावाईची यादी पांढुर्ण्याले गेली, बड्या सरले इचारून सांगतो.

९, शुक्र.
दुपार झाली, निरोप नाई. प्रदर्शनी उद्या. वैशू नवा तक्ता करून राहिली. भालू खोडलं, घोंघा लिवलं, बाजूले गोगलगायबी. थे मीच ठेवाले लावलं. सूनबाई म्हणते, आत घेतलं नाई तं? नाई घेतलं तं दारात उभं राहू. सकाळच्या बसनं जाणं पक्कं.
वैशूले सांगून ठेवलं. गोगलगायीत गाय कुठं आहे म्हणून कोणी इचारलं तं तू तोंड उघडायचं नाई, मीबी नाई उघडणार. सर तिथंच राहतीन. उत्तर त्याईनंच द्यायचं.