माळ चालू होती

दादा,

नाताळची माळ आणलेली नाही. बाबांना घेऊन मी तशीच डोळ्यांच्या दवाखान्यात जातेय. दुकानदाराने एलईडीची माळ लावून त्यांच्या हातात दिली, तर बाबा दिवे चाचपून म्हणाले, "गार आहे ही. बंद पडलेली कशाला देतोस?" माळ लखलखत होती रे! जन्मभर वायरमनचं काम केलेला माणूस! जुने दिवे तापायचे, त्यांच्या हाताला कळायचं, म्हणून आपल्याला इतकी वर्षं पत्ताच लागला नाही.

तुझ्या लेकीला आज शाळेतून बाबांऐवजी तूच आण. "आजोबांना रस्ता मीच ओलांडून देते," असं ती रोज सांगायची, आणि आपण हसायचो.